ताडपत्री मापून घ्या

मृग नक्षत्र जवळ आले, की आपल्या पनवेल भागात घरोघरी धांदल उडते. कौले चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा आणि ओट्यापुढे आडोसा बांधायचा. पूर्वी या आडोशाला माडाच्या झावळ्यांचे झाप लावत. आता बाजारातून प्लॅस्टिकची ताडपत्री आणतात. झाप कमी पडला तर घरीच दुसरा विणता येई. ताडपत्री कमी पडली तर पैसे फुकट जातात. म्हणून ती मापूनच घ्यावी.

मी शाळामास्तर. जन्मभर मुलांना लांबी-रुंदी शिकवली. तरी मीच एकदा फसलो. नवीन पनवेलला राहायला आलो, तेव्हा घरापुढचा ओटा मापला. तो 10 फूट लांब आणि 8 फूट रुंद भरला. लगेच 10 बाय 8 ची ताडपत्री आणली. बांधायला गेलो तर ती पुढच्या बांबूंपर्यंत पोचेना. ओढूनताणून कशीबशी बसवली, ती जवळजवळ सपाट. रात्री पाऊस आला. पाणी वाहून गेले नाही, मधेच साचले. ताडपत्रीला झोळ पडला आणि बांबू मोडला. नशीब, खाली कोणी झोपले नव्हते.

साचलेले पाणी किती जड असते, ते बघा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर खोल असे डबके घ्या. त्यात 100 लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे डोक्यावर एक क्विंटल तांदळाची गोणी टांगल्यासारखेच झाले!

मग माझे चुकले कुठे? मी जमीन मापली. पण ताडपत्री काही जमिनीवर अंथरायची नव्हती. ती भिंतीवरून पुढे उतरती यायची होती. उतरती बाजू जमिनीपेक्षा नेहमी लांब भरते.

याला सोपा उपाय आहे. एक दोरी घ्या. भिंतीवर जिथे ताडपत्री बांधायची, तिथे तिचे एक टोक धरा. दुसरे टोक पुढच्या बांबूवर, जिथे ताडपत्री टेकणार, तिथपर्यंत आणा. उतार चांगला ठेवा. तीन फूट पुढे गेलात तर एक फूट खाली या. भिंतीवर 9 फूट उंची असेल, तर पुढे 6 फूट पुरे. माणूस खालून जातो आणि पाणीही झरझर उतरते. आता ती दोरी मापा. माझी दोरी साडेआठ फूट भरली.

हिशेब इथेच संपत नाही. वर बांधायला अर्धा फूट धरा. पुढे बांबूवरून खाली सोडायला एक फूट धरा. साडेआठ, अर्धा आणि एक मिळून 10 फूट झाले. ओट्याची लांबी 10 फूट. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट धरला, की 11 फूट. म्हणजे 11 बाय 10 ची ताडपत्री हवी. आपल्याकडे पावसाची झड बहुधा पश्चिमेकडून येते. त्या बाजूला पदर खाली सोडायचा असेल, तर तेवढे माप आणखी धरा.

माप हाताने घेऊ नका. एक हात म्हणजे दीड फूट म्हणतात खरे, पण तुमचा हात आणि माझा हात सारखा नसतो. टेपच वापरा.

दुकानात नेमके तेच माप मिळेल असे नाही. मग थोडी मोठी घ्या. 12 बाय 10 चालेल. पण 'असू द्या जास्त' म्हणून 18 फुटांची घेऊ नका. जादा पदर वाऱ्याने फडफडतो आणि फाटतो. पाकिटावर 12 लिहिले, तरी कडा दुमडल्यामुळे ती थोडी कमी भरते. म्हणून दुकानातच उलगडून मापा. त्यात लाज कसली?

पाकिटावर 'जी.एस.एम.' ही अक्षरे असतात. एक चौरस मीटर ताडपत्रीचे वजन किती ग्रॅम, ते त्यावरून कळते. 120 पेक्षा 200 ची जाड. 'यू.व्ही.' असे लिहिले असेल, तर उन्हाने लवकर कुजू नये म्हणून तिच्यात औषध मिसळले आहे असे समजा.

बांधताना कडेच्या कडीत दोरी थेट आवळू नका. मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. वाऱ्याचा झोत आला की तो ताणतो आणि कडी उपटत नाही.

भाजीचा टेम्पो बाजारात उभा करून बाजूला छप्पर बांधतात, त्यालाही हीच रीत. परदेशांत काही लोक चाकांवरचे घर मोटारीला जोडून फिरायला जातात. त्या घराला ते बाजूने कापडी मांडव जोडतात. तो घेण्याआधी तेही घराच्या कडेने, जमिनीपासून वर छपरावरून परत जमिनीपर्यंत, दोरी धरून मापतात. देश कोणताही असो, अंदाज फसवतो, दोरी फसवत नाही.

तुम्ही आता आकडे वाचता, पाकीट वाचता. मग दुकानदार सांगेल तेच माप का घ्यावे?

करून पाहा : एक ओटा 12 फूट लांब आहे. उताराची दोरी 7 फूट भरली. ताडपत्री किती बाय किती लागेल?