उपाशी जंतूंचे डावपेंच

भांड्यांतील अन्न संपलें म्हणजे त्यांतील जंतु मरून जातात, अशी आपली साधी समजूत असते. पुष्कळसे मरतातही. परंतु वाळल्या गवतावर आढळणारा बॅसिलस सब्टिलिस नांवाचा दंडाकृति जंतु सहजासहजीं हार जात नाहीं. ब्रेस्लौ येथील शास्त्रज्ञ फर्डिनांड कोह्न यांनीं १८७६ सालीं दाखविलें कीं, गवताचा काढा उकळला तरी त्यांत हे जंतु पुनः वाढतात. उकळींत तगून राहतात ते त्यांचे बीजाणु.

बीजाणु हा या जंतूचा शेवटचा उपाय होय. अन्न सरूं लागलें कीं प्रथम तो पोहून दुसरीकडे जाऊं पाहतो, पाचक रस सोडून कठीण पदार्थही विरघळवितो. हें सारें फसलें म्हणजे पेशीच्या एका टोंकाशीं पडदा पडून लहान व मोठा असे दोन भाग होतात. मोठा भाग लहानास गिळतो. पण खाण्यासाठीं नव्हे! त्याच्याभोंवतीं तो कवचावर कवच चढवितो, त्यांतील पाणी घटवितो, आणि काम पुरें होतांच स्वतः फुटून नाहींसा होतो. या खटाटोपास सुमारें ७-८ तास लागतात. एका मर्यादेपुढें माघार घेतां येत नाहीं. मध्येंच अन्न मिळालें तरी व्यर्थ.

म्हणूनच ही वेळ टाळण्याची त्याची धडपड असते. हार्वर्ड विद्यापीठांतील रिचर्ड लोसिक व त्यांचे सहकारी यांना २००३ सालीं असें आढळलें कीं, बीजाणूच्या वाटेस लागलेले जंतु, अद्याप त्या वाटेस न लागलेल्या आपल्या भावंडांस विषारी द्रव्यांनीं फोडतात आणि सांडलेल्या रसावर आणखी कांहीं काळ काढतात. भाऊबंदकी केवळ मनुष्यांतच असते असें नाहीं.

या कुळांतील दुसरा जंतु, बॅसिलस सीरिअस, आपल्या स्वयंपाकघरांत वावरतो. तांदळावरील त्याचे बीजाणु भात शिजला तरी शिल्लक राहतात. उलट त्या उष्णतेनें ते जागे होतात. भात रात्रभर ओट्यावर तसाच राहिला तर ते अंकुरून वाढतात, आणि त्यांतील कांहीं वाण ओकारी आणणारें विष तयार करतात. सकाळीं खमंग फोडणी दिल्यानें जंतु मरतील, विष मात्र उष्णतेस दाद देत नाहीं. फोडणीचा भात करावयाचा असेल तर रात्रीं उरलेला भात पसरून लवकर निववावा व फ्रिजमध्यें ठेवावा.