धूर दाखवा, अग्नीचं अनुमान त्यांना करू द्या

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं नोकरीच्या मुलाखतीशी काय काम? पण "तुमच्या जमेच्या बाजू सांगा" हा प्रश्न मूळचा आमच्याच घरातला आहे. स्वतःबद्दल खरं बोलायचं कसं, एवढंच तो विचारतो.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. राधानगरी भागातली एक मुलगी आली. हा प्रश्न आल्यावर खाली बघून म्हणाली, "सर, तसं काही विशेष नाही." तिच्यानंतरच्या मुलानं प्रामाणिक, मेहनती, नेतृत्वगुण अशी विशेषणांची माळच ओवली. आम्ही त्याला जास्त गुण दिले. ती मुलगी गावच्या दूध संस्थेचं सकाळ-संध्याकाळचं संकलन आणि दर दहा दिवसांचं बिल सांभाळत होती, हे मला नंतर तिच्या शिक्षकांकडून कळलं. तिनं ते सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ती रुखरुख अजून आहे.

ती गप्प का बसली? आपल्याकडचे संस्कार. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणाऱ्याचा नंबर आहेच. महाभारत तर त्याहून पुढे जातं. कर्णपर्वात युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असं म्हणणाऱ्याला मारायचं, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा! कृष्ण तोड काढतो: वडीलधाऱ्याचा अपमान म्हणजे त्याचा वधच, तेवढं कर. तसं केल्यावर अर्जुनाला पश्चात्ताप होतो, आणि तो तलवार स्वतःवरच उपसतो. तेव्हा कृष्ण सांगतो, आपल्या तोंडानं आपली स्तुती कर, तीच आत्महत्या. आता बघा, हे ज्या घरात ऐकलं जातं, त्या घरातली मुलगी मुलाखतीत काय बोलणार?

पण स्वतःचं काम सांगणं म्हणजे आत्मस्तुती का? ॲरिस्टॉटल 'निकोमाखियन एथिक्स'च्या चौथ्या भागात सत्यवचनी माणूस मधोमध ठेवतो. एका बाजूला बढाईखोर, दुसऱ्या बाजूला आपलं आहे तेही कमी करून सांगणारा. बढाईखोर जास्त वाईट, असं तो म्हणतो. पण सत्यापासून दोघंही ढळलेले. म्हणजे "काही विशेष नाही" हेही खरं बोलणं नव्हतंच.

मग खरं कसं बोलायचं? इथं आपलं न्यायशास्त्र उपयोगी पडतं. शब्द हे प्रमाण आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा. मुलाखत घेणाऱ्यांना तुम्ही अजून आप्त नाही. "मी प्रामाणिक आहे" हा तुमचा नुसता शब्द ते का मानतील? त्यांच्यापाशी उरतं अनुमान. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे हे आपण ओळखतो. तुम्ही धूर दाखवा. अग्नीचं अनुमान त्यांना करू द्या.

आपल्या तालमीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या पैलवानाला विचारतात, "तुझा हुकमी डाव कुठला?" तो "मी ताकदवान आहे" असं म्हणत नाही. "ढाक" म्हणतो, आणि मातीत मारून दाखवतो.

न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवण्याच्या पाच पायऱ्या आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ढोबळ मानानं त्या इथं वापरून बघू. त्या मुलीचं उत्तर असं होऊ शकलं असतं:

"हिशोब चोख ठेवायची मला सवय आहे. गावच्या दूध संस्थेचं संकलन मी दोन वर्षं बघते. एकदा एका म्हशीवाल्या काकांनी फॅट कमी लागल्याची तक्रार केली. मी त्यांच्यासमोरच नमुना पुन्हा लावला, चूक आमची निघाली, ती वहीत दुरुस्त केली आणि बिलात फरक दिला. तुमच्या इथंही लोकांच्या पैशाचं काम आहे. ते मला जमेल."

यात 'प्रामाणिक' हा शब्द एकदाही नाही. आणि स्वतःची चूक सांगितल्यानं विश्वास वाढतो, हेही लक्षात घ्या.

आणखी एक. आपली मुलं सारखं "आम्ही केलं" म्हणतात. नम्रता चांगलीच, पण त्यात तुमचा वाटा हरवतो. "आम्ही सहाजण होतो, त्यात खरेदीचं माझ्याकडे होतं" असं म्हणा. इतरांचं श्रेयही राहतं, तुमचंही कळतं. मात्र जे केलंच नाही ते सांगू नका. दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

शेवटी टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला. ज्यांना दारापर्यंतही येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी दार उघडलं. पण दारातून आत आलेल्याला बोलतं कोण करणार? घरातून पहिल्यांदाच अशा खोलीत आलेला मुलगा "काही विशेष नाही" म्हणाला, तर ते उत्तर समजू नका. विचारा, "बाळ, सकाळी उठल्यापासून काय काय करतोस?" मी त्या दिवशी हे विचारायला हवं होतं.