थंडीत सकाळी गाडी थरथरते? पंप उघडण्याआधी हे बघा

डिसेंबर लागला की जुन्या गाडीवाल्यांची तीच तक्रार. मालीम जेटीवर गुमान चालणारी गाडी चोर्ला घाट चढून बेळगावला रात्रभर उभी राहिली, की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडते. स्टार्ट झाली तरी केबिन गदागदा हलते, इंजिन मिसिंग करतं, मागून पांढरा धूर. पाच-दहा मिनिटांनी सगळं ठीक, आणि आपण विसरून जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच. तिथली पहाट आपल्या किनाऱ्यासारखी नसते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन गार असलं की ती ऊष्मा लोखंडच ओढून घेतं. त्यामुळे गाडीत जे काही थोडंसं बिघडलेलं असतं ते थंडीत उघडं पडतं, गरम झाल्यावर झाकलं जातं. म्हणून गाडी गॅरेजमध्ये गरम नेऊन उपयोग नाही. रात्रभर तिथेच ठेवा, सकाळी मेकॅनिकसमोर पहिला सेल्फ मारा.

आमच्या संस्थेच्या जुन्या गाडीला एका गॅरेजवाल्याने पंप आणि नॉझल दोन्ही उतरवायला सांगितलं होतं. मोठा खर्च होता. आमच्या ड्रायव्हरने म्हटलं, थांबा, आधी एअर बघू. खरंच एअर होती. टाकीतून फीड पंपाकडे जाणारा पाइप चासीला लागून जातो आणि नेमकं त्याच्यावर क्रेटमधलं खारट पाणी वर्षानुवर्षं ठिबकत असतं. क्लिपच्या खाली तो गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. डिझेल बाहेर गळत नव्हतं, कारण तिथे पंप डिझेल ओढतो. त्या भोकातून हवा आत जाते. रात्री पाइपातलं डिझेल टाकीकडे उतरतं, सकाळी पंपाला आधी हवा मिळते. पाइपाचा तुकडा आणि दोन तांब्याचे वॉशर, एवढ्यात काम झालं. मासळीच्या गाडीला हा आजार इतर गाड्यांपेक्षा लवकर होतो, हे लक्षात ठेवा.

एअर ओळखायची सोपी रीत: एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून लावा, चाकांना दगड लावून. सकाळी नीट चालली तर संशय पक्का. नाहीतर सेल्फ मारण्याआधी हँडप्रायमर दाबून बघा. बराच वेळ पोकळ लागला आणि मग कडक झाला, तर डिझेल मागे उतरलेलं आहे. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल पाइप घातला तर बुडबुडे डोळ्यांनीच दिसतात. त्याच वेळी फिल्टरच्या खालचं पाणीही काढून टाका.

एअर नसेल तर बॅटरी. सेल्फ मारताना 12 व्होल्टची बॅटरी साधारण 9.5 च्या खाली गेली तर इंजिन हळू फिरतं आणि हवा पुरेशी तापत नाही. बॅटरी चांगली असूनही असं होत असेल तर अर्थची पट्टी बघा, मिठाने हिरवी झालेली असते. हीटर प्लग असलेल्या गाडीत एखादा प्लग मेला की तो सिलिंडर गारठलेला राहतो.

मग नॉझल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत थरथर चालू असताना एकेका नॉझलचा नट थोडा सैल करतात; आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. डोळे सांभाळा, फवाऱ्यासमोर हात नको. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीच करू नका, त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसतं.

पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास येतो, तर ते न जळलेलं डिझेल. गाडी तापल्यावरही धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गॅस्केट. मग गाडी चालवू नका.

एअर क्लीनरमध्ये पेट्रोलचा बोळा, चेंबरखाली जाळ, हे प्रकार बंद करा. हीटर प्लगच्या गाडीत भडका उडतो.

फेरी संपली की चासीवर गोडं पाणी मारा, पाइपच्या क्लिपा आणि टाकीचा वरचा भाग धरून. फक्त सेल्फ आणि ऑल्टरनेटरवर जोराची धार नको.