शांघाय कोणी उभारले?

'शांघाय' या शब्दाचा अर्थ 'समुद्रावर'. प्रत्यक्षात हे शहर ह्वांगपू नदीच्या काठी वसले आहे. ही नदी पुढे यांगत्सेला मिळते आणि यांगत्से समुद्राला. चीनच्या पोटातला माल जगाला आणि जगाचा माल चीनला पोचवणारा हा दरवाजा. तो उघडला कोणी, हे प्रथम पाहू.

अफूच्या पहिल्या युद्धात चीन हरला. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने त्याला पाच बंदरे परदेशी व्यापाराला खुली करावी लागली. शांघाय त्यांतले एक. ही अफू पिकत होती हिंदुस्थानात, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. म्हणजे शांघायच्या वैभवात आपल्या मुंबईचा वाटा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही. मुंबईच्या गिरणीमालकांपैकी व्हिक्टर ससून यांनी पुढे आपले भांडवल तिकडे हलवले आणि १९२९ साली नदीकाठच्या 'बंड'वर टोलेजंग ससून हाऊस उभे केले. 'बंड' म्हणजे आपला बांधच. इंग्रजांनी शब्दसुद्धा इथूनच नेला.

इमारतींच्या मागे गिरण्या होत्या. आपल्याकडे जसा जॉबर, तसा तिथे 'नंबर वन'. कामावर घेणे आणि काढणे त्याच्या मर्जीवर. खेड्यातल्या मुली ठेकेदार करारावर आणी आणि त्यांचा पगार स्वतःच्या खिशात घाली. १९३६ साली शिया यान या लेखकाने त्यांची दैना चव्हाट्यावर मांडली.

१९२५ च्या मे महिन्यात जपानी मालकीच्या गिरणीत गू झंगहोंग हा कामगार गोळीने मारला गेला. ३० मे रोजी निषेध करणाऱ्या जमावावर परकीयांच्या वसाहतीतील पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, बंदुका शीख आणि चिनी शिपायांच्या हाती. एका गुलामाकडून दुसऱ्याला मारवायचे, ही साम्राज्याची जुनी रीत! लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. १९२७ च्या एप्रिलात च्यांग कै-शेकच्या राजवटीने याच कामगारांच्या संघटना रक्तात बुडवल्या. १९४९ साली कम्युनिस्टांनी शहर घेतले.

आजचे शांघाय निराळे आहे. १९९० पासून नदीपलीकडे पुदोंग उभे राहिले. तिथला शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे. कंटेनरच्या उलाढालीत हे बंदर २०१० पासून जगात पहिले आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती सुमारे २ कोटी ४८ लाख भरली. त्यांपैकी १ कोटी ४ लाखांहून अधिक लोक बाहेरून आलेले. परंतु 'हुकोऊ' नावाची नोंदणी गावाकडची असेल, तर मुलांचे शिक्षण आणि सरकारी सवलती यांत अडचणी येतात. संपाचा हक्क चीनच्या राज्यघटनेत होता. तो १९८२ साली काढून टाकला. मान्यता एकाच सरकारी कामगार महासंघाला आहे.

म्हणून कोणी शांघायच्या झगमगाटाची छायाचित्रे दाखवली, तर ती कौतुकाने जरूर पाहावीत. मात्र दोन प्रश्न विचारावेत : हे बांधणारा माणूस इथे राहू शकतो काय? आणि अन्याय झाला तर काम थांबवू शकतो काय? हेच प्रश्न आपल्या शहरालाही विचारायचे आहेत.