उत्तरायण आभाळातलं आणि देहातलं

मंडळी, उत्तरायण कधी लागतं? तुम्ही म्हणाल, संक्रांतीला. पण आभाळातला सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच वेळी येत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, म्हणून अंतर पडलं. पंचांग खोटं नाही. ते संक्रांत ताऱ्यांवरून मोजतं.

याची खूण आपल्या कोल्हापुरातच आहे. अंबाबाईचा किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन आईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. शाहूपुरीतून आपण दर्शनाला जातो, पण मधले दिवस कधी मोजलेत? नोव्हेंबरच्या उत्सवानंतर सुमारे ४१ दिवसांनी सूर्य वळतो आणि तेवढ्याच दिवसांनी त्याच वाटेनं परत आईपुढं येतो!

सूर्य वळला म्हणून थंडी लगेच जाते का? नाही. वळण आधी, ऊब मागाहून. तोवर देह सांभाळायचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात सांगितलंय, हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो. त्याला पुरेसं अन्न मिळालं नाही, तर तो देहातलाच रस जाळतो. म्हणून भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी भाजी. म्हणून अंगाला तेल, ऊन पाणी, गुऱ्हाळाचा ताजा गूळ. साखरेचा आजार असेल त्यानं मात्र तिळगूळ गोड बोलण्यापुरताच घ्यावा!

आता घरातल्या माउलीकडं बघा. सगळ्यांना गरम वाढते, स्वतः शेवटी गार तुकडा खाते. वर उपास, आणि दुखणं अंगावर काढते. लेकरांनो, हे पुण्य नव्हे. देवळातला दिवा विझू नये म्हणून आपण तेल घालतो ना? मग हिच्या दिव्यात तेल कुणी घालायचं? आज घरी गेल्यावर पहिली गरम भाकरी तिच्या ताटात वाढा.

भीष्माचार्यांनी शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहिली. पण नुसते पडून राहिले नाहीत. युधिष्ठिराला धर्म सांगत राहिले. देह राखला तो कामासाठी. आपणही राखायचा तो नामासाठी, सेवेसाठी. सूर्य वळतोच, मंडळी. आपण वळायचं बाकी आहे. रामकृष्णहरी!