चिठ्ठीने निवडलेले ९९ जण

सविता हलप्पनवार कोण, हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. इथली मुलगी, दंतवैद्य, लग्नानंतर आयर्लंडला गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॅलवेच्या रुग्णालयात तिचा सतरा आठवड्यांचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नव्हता. तरीही त्याचे ठोके चालू आहेत तोवर गर्भपात करता येणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. जंतुसंसर्ग होऊन २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. बातमी वाचून माझी आई म्हणाली होती, "असा कसला गं कायदा?"

आयर्लंडने १९८३ साली सार्वमत घेऊन घटनेत आठवी दुरुस्ती केली होती. आई आणि पोटातला गर्भ, दोघांचा जगण्याचा हक्क सारखा. ती काढायची तर पुन्हा सार्वमत हवं, आणि या विषयाला हात लावायला पुढारी कचरत. सवितानंतर मोर्चे निघाले, २०१३ मध्ये आईच्या जिवाला धोका असेल तर म्हणून एक अरुंद वाट कायद्यात आली, पण दुरुस्ती जागच्या जागी राहिली.

मग २०१६ मध्ये सरकारने हा प्रश्न 'सिटिझन्स असेंब्ली'कडे, म्हणजे नागरिक सभेकडे सोपवला. ९९ सामान्य माणसं आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. माणसं सोडतीसारखी निवडलेली, पण आपल्या भिशीच्या चिठ्ठीइतकं सोपं नाही. वय, स्त्री-पुरुष, भाग, आर्थिक-सामाजिक स्तर यांचं प्रमाण देशासारखंच यावं, असं बघून एका सर्वेक्षण कंपनीने लोक गोळा केले. हा नुसता वेळकाढूपणा आहे, अशी टीका तिकडे झाली. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

डब्लिनजवळ मॅलाहाइडच्या एका हॉटेलात ही मंडळी या विषयासाठी पाच शनिवार-रविवार जमली. एकेका गोल टेबलाभोवती सात-आठ जण, शिवाय प्रत्येकाला बोलायला मिळावं म्हणून एक जण खास नेमलेला. (आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत असा एक जण मिळाला तर!) डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक बोलले. दोन्ही बाजूंच्या संघटनांनी म्हणणं मांडलं. या प्रसंगातून गेलेल्या सहा बायकांचे अनुभव ध्वनिमुद्रित करून ऐकवले गेले. जनतेकडून बारा हजारांवर निवेदनं आली होती.

एप्रिल २०१७ मध्ये गुप्त मतदान झालं. ८७ टक्के म्हणाले, दुरुस्ती आहे तशी ठेवू नका. कारण न विचारता गर्भपाताला परवानगी असावी, असं ६४ टक्क्यांनी सांगितलं. हे लोक फारच पुढे गेले, देश काही इतका पुढे जाणार नाही, असं अनेकांना वाटलं. विषय संसदीय समितीकडे गेला आणि २५ मे २०१८ रोजी सार्वमत झालं. सविताच्या वडिलांनी बेळगावातून आयरिश मतदारांना 'हो' म्हणण्याची विनंती केली होती. ६६.४ टक्के लोक 'हो' म्हणाले.

मला यात ६४ आणि ६६ हे आकडे सगळ्यात बोलके वाटतात. पुढाऱ्यांना लोकांची जी भीती वाटत होती, ती लोकांना नीट न विचारल्यामुळेच होती.

सगळं निर्मळ मात्र नव्हतं. मधेच सोडून गेलेल्यांच्या जागी नवे सभासद घ्यावे लागले. २०१८ च्या सुरुवातीला, दुसऱ्या एका विषयाच्या वेळी, असे सात जण ओळखीपाळखीतून घेतल्याचं उघडकीस आलं. शिवाय सभेने सुचवलं म्हणजे लोक मान डोलावतातच असंही नाही. स्त्री-पुरुष समानतेवर नेमलेल्या पुढच्या सभेने घटनेतल्या कुटुंबाच्या आणि बाईच्या घरकामाच्या कलमांत बदल सुचवले होते. सरकारने त्यावर वेगळ्या शब्दांत दोन प्रस्ताव आणले आणि मार्च २०२४ च्या सार्वमतात दोन्ही आपटले.

हे सगळं आईला सांगितलं. तिने विचारलं, "त्या ९९ जणांना पैसे किती मिळायचे?" मानधन काहीच नाही, फक्त येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च, असं म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला चिठ्ठी आली असती तर मी गेले असते."