साम्याचा अंक व स्वतंत्र लेखन

हल्लीं महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आपला शोधनिबंध परीक्षकांच्या हातीं देण्यापूर्वीं बहुधा एका यंत्राच्या हातीं द्यावा लागतो. निबंध चांगला कीं वाईट हें तें यंत्र सांगत नाहीं. त्यांतील किती शब्द दुसऱ्या कोणीं पूर्वीं लिहिलेल्या मजकुराशीं जुळतात, एवढेंच तें शेंकडेवारीनें सांगतें. या शेंकडेवारीस आपण 'साम्याचा अंक' म्हणूं. आमच्या शाळेंतून गेलेला एक विद्यार्थी गेल्या सुटींत आम्हांस भेटावयास आला, तेव्हां त्याच्या निबंधाचा हा अंक ३४ आला होता. "सर, हा अंक खालीं कसा आणावा?" असें त्यानें विचारलें. त्यास दिलेलें उत्तर त्याच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही उपयोगीं पडेल व पालकांसही या नव्या गोष्टीची ओळख होईल, या हेतूनें तें येथें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. तें निबंधाचे लहान लहान तुकडे पाडतें. एका तुकड्यांत लागोपाठ आलेले कांहीं थोडे शब्द असतात. अशा तुकड्यांची तुलना तें आपल्या सांठ्याशीं करतें. या सांठ्यांत महाजालावरील पृष्ठें, नियतकालिकें व पूर्वींच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात. जुळलेल्या शब्दांचें एकंदर शब्दांशीं जें प्रमाण पडतें तोच साम्याचा अंक. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, यंत्र चोरी ओळखीत नाहीं, साम्य ओळखतें. एखाद्या संस्थेचें लांबलचक नांव, कायद्याचें कलम किंवा अवतरणचिन्हांत घातलेलें दुसऱ्याचें वाक्य, हीं सर्व जुळणारच. त्यांत चोरी नाहीं. उलटपक्षीं, इंग्रजी पुस्तकांतील उतारा मराठींत उतरवून आपल्या नांवावर घातला तर तो पुष्कळदां यंत्राच्या नजरेंतून निसटतो. पण ती चोरीच होय. म्हणून अंक हा केवळ इशारा आहे; निवाडा माणसानेंच करावयाचा असतो.

आपल्या देशांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं याविषयीं नियम केले. त्यांप्रमाणें शेंकडा १० पर्यंतचें साम्य क्षम्य मानलें आहे. प्रबंधांत १० हून अधिक व ४० पर्यंत साम्य आढळल्यास विद्यार्थ्यास जास्तींत जास्त सहा महिन्यांच्या मुदतींत तो सुधारून द्यावा लागतो. ४० हून अधिक व ६० पर्यंत असल्यास एक वर्षपर्यंत सुधारलेला प्रबंध देतां येत नाहीं. आणि ६० च्या वर गेल्यास त्याची नोंदणीच रद्द होते. उगम सांगून घेतलेलीं अवतरणें, संदर्भांची यादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना व ऋणनिर्देश हीं या मोजणींतून वगळलीं आहेत. योगायोगानें जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुरासही सूट आहे. पण सारांश, निरीक्षणें, निष्कर्ष व शिफारशी हा जो प्रबंधाचा गाभा, तो लेखकाच्या स्वतःच्या विचारांतूनच आला पाहिजे, असा त्या नियमांचा आग्रह आहे.

आतां आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्याचा विषय कोंकणांतील विहिरी हा होता. अंक उतरविण्यासाठीं त्यानें एक युक्ति योजिली होती: पुस्तकांतील वाक्य तसेंच ठेवून शब्द तेवढे बदलावयाचे. समजा, पुस्तकांत असें वाक्य आहे: "जांभा खडक सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी त्यांतून झपाट्यानें निघून जातें, आणि त्यामुळें मुसळधार पावसाच्या प्रदेशांतही उन्हाळ्यांत विहिरी कोरड्या पडतात." त्याचें त्यानें केलें असतें: "जांभा पाषाण छिद्रयुक्त असल्याकारणानें पर्जन्याचें जल त्यांतून वेगानें निघून जातें, आणि परिणामीं अतिवृष्टीच्या प्रांतांतही ग्रीष्मांत कूप शुष्क होतात." यंत्र कदाचित् फसेल, पण वाचणाऱ्यास हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. शिवाय चोरी टळली ती नाहींच. चोरलेल्या भांड्यावर नवी कल्हई चढली, इतकेंच. हेंच काम आतां संगणकाकडूनही क्षणांत करून घेतां येतें. पण कल्हई कोणीं केली यावरून भांडें कोणाचें हें ठरत नाहीं. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रज्ञांसही हा भेद ठाऊक होता. सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत शब्दहरण व अर्थहरण यांचा स्वतंत्र विचार केला आहे.

आम्हीं त्याचा निबंध मिटून ठेवला व विचारलें, "बाळ, तुझ्या वाडींतली विहीर केव्हां आटते?" तो चटकन् म्हणाला, "सर, आमच्याकडे तीन आहेत. सड्याच्या कडेची वरची विहीर होळीला तळ दाखवते. मग आई व्हाळाजवळच्या विहिरीवर जाते. ती मे महिन्यांतही आटत नाहीं. मीं सबंध वर्ष दर महिन्याला दोरी सोडून पाणी मोजलें आहे." हीं मोजमापें निबंधांत कोठें आहेत म्हणून पाहिलें, तों शेवटच्या पानावर दोन ओळींत आटोपलेलीं! जें दुसऱ्याचें होतें त्यास वीस पानें, आणि जें त्याच्याशिवाय जगांत कोणापाशीं नव्हतें त्यास दोन ओळी. त्याच्या ३४ या अंकाचें खरें कारण हेंच होतें.

त्याला आम्हीं ज्या गोष्टी सांगितल्या त्या अशा. पहिली, टिपणवहींत दोन रकाने करावेत: एकांत ग्रंथकाराचे शब्द, अवतरणचिन्हें व पृष्ठांक यांसह, दुसऱ्यांत आपला विचार. दुसरी, उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटावें, आणि त्याचा अर्थ घरांतील एखाद्या माणसास तोंडीं समजावून सांगावा. मग जें सांगितलें तें लिहावें, मूळाशीं ताडून पहावें, व ग्रंथकाराचें नांव द्यावें. शब्द आपले झाले तरी विचार त्याचा आहे, हें विसरूं नये. तिसरी, जेथें मूळ शब्दच महत्त्वाचे असतील तेथें ते चिन्हांसह जसेच्या तसे घ्यावेत, पण थोडे. चौथी, प्रत्येक प्रकरणास प्रश्न विचारावा: यांत मीं स्वतः पाहिलेलें, मोजलेलें किंवा ताडलेलें काय आहे? उत्तर येत नसेल तर तें प्रकरण अजून लिहावयाचेंच आहे.

टिपणाविषयीं इतका आग्रह कां, हें हेलन केलर यांच्या चरित्रांतील एका प्रसंगावरून समजेल. अंध व बधिर असलेल्या या अमेरिकन मुलीनें १८९१ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, हिमराजाची एक गोष्ट लिहून बोस्टन येथील अंधशाळेच्या संचालकांस वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. ती छापली गेली व तिचें फार कौतुक झालें. मग असें आढळून आलें कीं, मार्गारेट कॅनबी या लेखिकेनें हेलनच्या जन्मापूर्वींच जवळजवळ तशीच गोष्ट लिहिली होती. ही मूळ गोष्ट हेलनला १८८८ च्या उन्हाळ्यांत, हातावर अक्षरें उमटवून, वाचून दाखविली गेली असावी असें पुढें दिसून आलें. पण तिला त्याचें स्मरण मुळींच नव्हतें. शाळेच्या शिक्षकांनीं व अधिकाऱ्यांनीं त्या बालिकेची चौकशी केली, आणि त्या धक्क्यानें तिला लेखनाचें भयच बसलें. स्वतः कॅनबीबाईंनीं मात्र तिला प्रेमाचें पत्र लिहून धीर दिला. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत केलरबाईंनीं ही हकीकत कांहींही न लपवितां सांगितली आहे. वाचलेलें मनांत मुरतें व आपलेंच वाटूं लागतें. स्मृति अशी फसविते, म्हणून वहीवर भिस्त ठेवावी.

दुसऱ्याचें नांव घेतल्यानें आपलें मोठेपण उणें होईल, अशी भीति कित्येकांस वाटते. त्यांनीं ज्ञानेश्वरीचें स्मरण करावें. गीतेचे सातशें श्लोक. त्यांवर शके १२१२ मध्यें नेवाशास सुमारें नऊ हजार ओव्यांचें निरूपण झालें. तें व्यासांच्या मागून जात व भाष्यकारांस वाट विचारीत केलें, असें ज्ञानेश्वर ग्रंथाच्या शेवटीं स्वतःच सांगतात. ऋण उघड मान्य केलें, आणि दृष्टांत मात्र आपल्या डोळ्यांनीं पाहिलेले दिले. म्हणून तो ग्रंथ टीका असूनही स्वतंत्र ठरला.

पालकवर्गास एक विनंति. या संवयीचें बीज महाविद्यालयांत नव्हे, शाळेच्या प्रकल्पवहींतच पडतें. मुलास कोठून तरी छापील मजकूर आणून देणें सोपें असतें, व वहीही सुरेख दिसते. त्याऐवजीं एवढेंच विचारावें, "यांत तूं स्वतः काय पाहिलेंस?" चार मोडक्यातोडक्या ओळी आल्या तरी त्या त्याच्या असतील.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें दोन महिन्यांनीं पत्र आलें. विहिरींचें कोष्टक त्यानें आतां निबंधाच्या आरंभींच घातलें होतें. जांभ्याविषयींचें मत कोणाचें तें नांवानिशीं सांगून, वरच्या व खालच्या विहिरींच्या पाण्याशीं तें ताडून पाहिलें होतें. वरची विहीर पावसाळ्यानंतर किती वेगानें उतरते हें त्याच्या मार्गदर्शकांनीं त्याला सर्व वर्गापुढें सांगावयास लाविलें, याचें वर्णन त्यानें पानभर केलें होतें. साम्याचा अंक १० च्या खालीं आला, ही बातमी अगदीं शेवटीं, सहीच्या वर, एका ओळींत होती.